जवळचा मित्र घरी बायकोवर हात उचलतो. आपण काय करायचं?

सांजकट्टा
मंडळी, विषय नाजूक आहे. नाव, गल्ली, पेठ काही लिहीत नाही. कुणाला ओळख पटली तरी कृपा करून इथं बोलू नका.

माझा एक मित्र आहे. लहानपणापासून एकाच तालमीत, एकाच मंडळात, शाहू स्टेडियमवर मॅच असली की एकाच गाडीवर. गल्लीत त्याला कुणी नावं ठेवणार नाही. २०१९च्या महापुरात छातीएवढ्या पाण्यातनं त्यानं म्हातारी माणसं बाहेर काढलीत. कुणाला रक्त लागलं तर पहिला फोन त्यालाच जातो. आणि हाच माणूस घरी बायकोला मारतो.

ऐकीव नाही. आमच्या मागच्या खोलीला लागूनच त्यांची भिंत आहे, रात्री आवाज येतो. परवा त्यांच्याकडं जेवायला होतो. वहिनी डाव्या हातानं रस्सा वाढत होत्या, उजवं मनगट पदराखाली. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या, "दारात सापडला हात." मित्र दही आणायला बाहेर गेला होता. खाली त्याच्या गाडीचा आवाज आला तसा त्यांच्या पोरानं टीव्ही बंद केला, रिमोट होता तिथं ठेवला आणि दप्तर पुढ्यात ओढून बसला. दुसरीतलं पोर आहे हो.

आई म्हणते, नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये. मला ते पटत नाही. पण त्याला सरळ विचारू, वहिनींच्या माहेरी कळवू, का पोलिसांत जाऊ? काय केलं म्हणजे वहिनींचाच त्रास वाढणार नाही, हे कळत नाही. जाणत्यांनी सांगा.

पैलवान_८८
भावा, ह्यात इचार कसला करालायस? चार जाणती पोरं घे, त्याला तालमीत बोलव, दार लाव आणि नीट समजावून सांग. बाईवर हात टाकणाऱ्याला मंडळात जागा न्हाई म्हणावं. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं, अंगातली ताकद घरात दाखवायची नसती. लई राग आला वाचून.

बावड्याची_मावशी
पैलवान, तुमचा राग खरा आहे आणि तुमच्यासारखी माणसं पाहिजेत. पण हे आत्ता करू नका. मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलंय. चार जणांत मान खाली घालावी लागलेला माणूस घरी जाऊन पहिला प्रश्न एकच विचारतो, "तू कुणाला सांगितलंस?" त्या रात्री तिथं तुम्ही नसता, तालीम नसते. ती आणि ते पोर असतं.

सांजकट्टा, बाळा, पहिल्यांदा तिच्याशी बोलायचं. तेही तू नाही, तुझ्या घरातल्या बाईनं. परक्या पुरुषाशी बोलताना दिसली तर संशयाचं आणखी एक निमित्त त्याला मिळेल. व्हॉट्सॲपवर अक्षरही लिहू नका, अशा घरात बाईचा फोन बहुतेक वेळा नवरा तपासतोच. दळणाला जाताना, शाळेच्या दारात, भिशीच्या दिवशी, अंबाबाईला जाताना, जिथं तिला पाच मिनिटं मोकळी मिळतात तिथं गाठायचं.

आणि बोलायचं काय? "तुला मारतो का?" असं तोंडावर विचारलं तर ती नाहीच म्हणेल. "रात्री आवाज येतो, तुझी काळजी वाटते. तुझं काही चुकलेलं नाही. मी कुणाला बोलणार नाही. तुला काय पाहिजे ते सांग," एवढंच. ती उडवून लावेल, हसेल, विषय बदलेल. बदलू दे. पुढच्या आठवड्यात परत सहज भेटायचं. दार उघडं आहे हे तिला कळलं की ती तिच्या वेळेनं येते. "सोडून दे त्याला," हे चुकूनही म्हणायचं नाही. ती सोडत नाही म्हणून चिडायचं नाही. घर, पोर, पैसा, माहेरची परिस्थिती, सगळा हिशोब तिच्या डोक्यात आपल्यापेक्षा पक्का असतो.

निनावी_इचलकरंजी
मी यातून गेलेय, म्हणून लिहिते.

माझ्यासाठी बैठक बसली होती. दोन्हीकडची थोरली माणसं, मधे चहा-पोहे. सगळ्यांसमोर मला विचारलं, "सांग, काय काय केलं यानं?" तो समोर बसलेला. सासू रडत होती. मी काय सांगणार? जेवढं सांगितलं तेवढ्यावर त्यानं सगळ्यांदेखत माफी मागितली, माझ्या वडिलांच्या पाया पडला. सगळ्यांना बरं वाटलं. "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणून उठले. जाताना मामा मला म्हणाले, तूही जरा तोंड सांभाळ. त्या रात्रीचं मी लिहीत नाही.

म्हणून हात जोडून सांगते, समेटाची बैठक घालू नका. दोघं बरोबरीचे असले तर मध्यस्थी चालते. एक मारणारा आणि एक मार खाणारी असली की बैठकीत तिचं तोंड बंदच राहतं, आणि पुढच्या वेळी "एकदा मिटवलंय की" म्हणायला सगळे मोकळे होतात.

मला उपयोगी पडली ती खालच्या मजल्यावरची वहिनी. तिनं मला कधी सल्ला दिला नाही. आधार कार्ड, मुलीचा जन्मदाखला, पासबुक, लग्नाचे फोटो आणि माझ्या दोन बांगड्या तिनं आपल्या पिठाच्या डब्यामागं ठेवून घेतल्या. म्हणाली, "लागतील तेव्हा ने. मी विचारणार नाही." त्या डब्याच्या भरवशावर मी किती रात्री काढल्या.

सांजकट्टा
ताई, वाचून काय लिहावं कळंना झालंय. इथं लिहिलंत हेच मोठं आहे.

मावशी, माझ्या बायकोची आणि वहिनींची बऱ्यापैकी ओळख आहे, ती बोलेल. पण एक विचारतो. मी रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर कट्ट्यावर बसतो. त्याच्याशी हसून बोलायचं, आणि काही माहीतच नाही असं दाखवत राहायचं, हे किती दिवस?

अ‍ॅड_बिंदू_चौक
कायद्याचं थोडं सांगते, कारण वर पोलिसांचा विषय निघालाय आणि यात बरेच गैरसमज आहेत.

२००५चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. शिवीगाळ, सततचा अपमान, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, दागिने विकून टाकणं हे सगळं येतं. बायकोच नव्हे, त्या घरातली आई, बहीण, विधवा भावजयसुद्धा दाद मागू शकते.

सांजकट्टांच्या कामाचं म्हणजे कलम ४. असा प्रकार घडतोय असं मानायला कारण असेल तर शेजारी, मित्र, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाकडून नेमलेले असतात.

दुसरं, नवऱ्याच्या क्रूरतेचा गुन्हा, म्हणजे भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ४९८अ. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आलंय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्याची फिर्याद ती स्वतः किंवा तिचे नातेवाईक देतात, मित्राला देता येत नाही. मात्र डोळ्यासमोर किंवा भिंतीपलीकडं मारहाण चालू असेल तर ११२ला फोन करायला नातं लागत नाही.

आणि २००५च्या कायद्यात तिला नवऱ्याला तुरुंगातच पाठवावं लागतं असं नाही. "मारू नये, घरातून काढू नये, खर्चाला पैसे द्यावेत" असे आदेश दंडाधिकाऱ्यांकडून मिळतात. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिचा राहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०२०च्या निकालात मान्य केलाय. पुष्कळ बायका "घर त्यांचं, मी कुठं जाऊ" म्हणून गप्प बसतात, त्यांच्यापर्यंत एवढं तरी पोचवा. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दुसरी_बाजू
माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. आपण भिंतीपलीकडचं ऐकून एका माणसाला गुन्हेगार ठरवतोय. खोट्या केसेस होतात, आमच्या नात्यात एक झालेली आहे, अख्खं घर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतंय. घराघरात भांडणं होतात. बाहेरच्यानं शिरलं की जुळणारं घरही मोडतं.

अ‍ॅड_बिंदू_चौक
खोटी केस कुणावरही होऊ नये, याबद्दल दुमत नाही. पण इथं कुणी केस घालायला निघालेलं नाही. तिला बाजूला घेऊन "तू ठीक आहेस ना" विचारायचंय. त्यानं कुठलं जुळणारं घर मोडेल? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडं तरी मदत मागितली होती. बहुतेकींनी तर कुणापाशी शब्दही काढलेला नव्हता. न बोललेलीच घरं जास्त आहेत.

जुना_राजवाडा
"घरातली गोष्ट" म्हणणाऱ्यांसाठी कोल्हापूरचीच एक आठवण देतो. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. देशात असा स्वतंत्र कायदा यायला पुढं शहाऐंशी वर्षं लागली. म्हणजे घराच्या उंबऱ्याआत बाईला होणारा छळ हा राज्याचा विषय आहे, असं या मातीत शंभर वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तोही घरातलाच विषय होता की. आपण शाहूंचं नाव घेतो, मिरवणुका काढतो. शेजारच्या भिंतीतून आवाज आल्यावर टीव्हीचा आवाज वाढवायचा नाही, एवढं तरी त्या नावाला धरून झालं पाहिजे.

वॉर्ड_नंबर_नऊ
सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. एक महत्त्वाचं राहिलंय.

सांजकट्टा, तुमच्या मिसेस बोलतील तेव्हा एक गोष्ट हळूच विचारायला सांगा, तो कधी गळा दाबतो का? गळा दाबल्याची खूण बरेचदा बाहेर दिसतच नाही. आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यात रक्त उतरतं, कधी काहीच होत नाही. म्हणून बाई म्हणते, "एवढं काही नाही." पण ज्या घरात गळा दाबला जातो तिथं पुढं जिवाला धोका फार वाढतो. असं झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, दोन दिवसांनी नाही. गरोदरपणी मारणं, रॉकेल किंवा कोयता दाखवून धमकावणं, "सोडून गेलीस तर तुला आणि पोराला संपवीन" म्हणणं, याही धोक्याच्याच खुणा. आणि ती निघायचं ठरवते ते दिवस सगळ्यात जोखमीचे असतात, त्यामुळं बेत कुणाला कळता कामा नये, आनंदाच्या भरात माहेरीसुद्धा नाही.

दवाखान्यात "पडले" म्हणून सांगतात सगळ्याजणी. डॉक्टरला खरं सांगितलं तर एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल (कायद्याशी संबंधित) केस म्हणून नोंद होते, तो कागद पुढं फार कामाला येतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात ही नोंद होते. सोबत बाई असली आणि नवरा बाहेर बसवला तरच ती बोलते. त्याला केसपेपर काढायला, औषध आणायला पाठवायचं, आम्ही तेच करतो.

राजारामपुरी_सातवी
सांजकट्टा, तुम्ही कट्ट्याचं विचारलंत त्याचं कुणी उत्तर दिलं नाही, मी देतो. माझा चुलतभाऊ असाच होता.

मैत्री तोडू नका. तुम्ही तोडलीत तर त्याच्या आजूबाजूला फक्त "बायकांना धाकात ठेवावंच लागतं" म्हणणारे उरतील. पण त्या मैत्रीत त्याला मोकळीकही देऊ नका. बायकोवरून विनोद झाला की सगळे हसतात ना, तुम्ही हसू नका. "मला नाही आवडलं हे," म्हणून पुढचं बोला. असं दोन-तीनदा झालं की माणसाला कळतं.

वहिनींनी हो म्हटल्यावरच त्याच्याशी उघड बोलायचं, एकट्यानं, तो प्यालेला नसताना. रंकाळ्यावर चालता चालता बोललात तर उत्तम, समोरासमोर बसलं की भांडण वाटतं. आणि फक्त तुम्ही स्वतः ऐकलेलं-पाहिलेलं बोलायचं. "आमच्या खोलीत आवाज येतो. तू हात उचलतोस हे मला माहीत आहे. हे थांबव." वहिनींचं, तुमच्या बायकोचं नाव येता कामा नये. तो म्हणेल, दारूमुळं झालं. मी भावाला विचारलं होतं, "फौंड्रीत मालक शिव्या घालतो, तेव्हाही पिऊन असतोस कधी कधी. त्याच्यावर किती वेळा हात उचललास?" गप्प बसला. दारू सोडवा, जरूर सोडवा, पण दारू सुटून मारणं चालू राहिलेली घरं मी पाहिलीत. तो म्हणेल, ती उलट बोलते. "बोलू दे," एवढंच उत्तर. तिच्या स्वभावाच्या चर्चेत शिरलात की तुम्ही त्याच्या बाजूला गेलात.

लगेच फरक पडत नाही. भाऊ माझ्याशी बराच काळ बोलत नव्हता. पण कुणाला तरी माहीत आहे आणि तो परत विचारणार आहे, ही गोष्ट त्याच्या मनात बसली. मुंबईत १९९३ पासून 'मावा' नावाची पुरुषांचीच संघटना याच विषयावर काम करते. पुरुषानं पुरुषाशी बोलण्याचं हे काम आहे. बायकांनी सगळं करायचं आणि आपण कट्ट्यावर बसायचं, हे बरोबर नाही.

पैलवान_८८
मावशींचं पटलं. मग रात्री आवाज आला तर काय करायचं? तेव्हा तर थांबायचं न्हाई ना?

बावड्याची_मावशी
नाही, तेव्हा थांबायचं नाही. २००८ साली 'बेल बजाओ' म्हणून मोहीम होती, त्यात शेजारी भांडणाचा आवाज ऐकून बेल वाजवतो आणि काहीतरी किरकोळ मागतो. दूध आहे का, फोन करू का. आत जायचं नाही, जाब विचारायचा नाही. आवाज मधेच तुटतो, तिला एक श्वास मिळतो आणि त्याला कळतं की बाहेर ऐकू जातंय. दोघांनी मिळून जावं. हत्यार असेल, काचा फुटत असतील, "वाचवा" ऐकू आलं तर बेलही नाही, सरळ ११२. "मारहाण चालू आहे, आत बाई आणि लहान मूल आहे," म्हणून पत्ता सांगायचा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, सल्ल्यासाठीही लावता येते. आणि सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन, पोलीस आणि वकिलाची मदत एका छताखाली मिळते. हे नंबर तिच्या फोनमध्ये भलत्या नावानं सेव्ह करायचे किंवा पाठ करायचे.

सांजकट्टा
थोडं उशिरा लिहितोय. बायको वहिनींना शाळेच्या दारात भेटली. पहिल्या वेळी वहिनी म्हणाल्या, "आमचं काही नाही." दुसऱ्या वेळी काहीच बोलल्या नाहीत, नुसता बायकोचा हात धरून उभ्या राहिल्या. तिसऱ्या वेळी बोलल्या. सगळं इथं लिहीत नाही. सिस्टर, तुमचा प्रश्न विचारला होता. उत्तर "हो, एकदा" असं आलं. दुसऱ्याच दिवशी बायको त्यांना स्वतःच्या तपासणीच्या निमित्तानं बरोबर घेऊन गेली. डॉक्टरांना खरं सांगितलं, नोंद झाली.

वहिनींनी सांगितलंय, त्याच्याशी आत्ता कुणी बोलायचं नाही, पोराची परीक्षा होऊ दे. म्हणून मी गप्प आहे, पण हसत नाही. कागद आमच्याकडं आलेत. आमच्याकडून भिंतीवर दोनदा ठोकलं की आम्ही जागे आहोत, त्यांच्याकडून ठोकलं की बेल वाजवायची, असं ठरलंय. आई हे सगळं बघत होती. काल तीच म्हणाली, "मी जाते बेल वाजवायला, म्हातारीला तो काही म्हणणार नाही."

आता पोराचं काय? त्या दिवशी ते मधे पडलं होतं, त्यालाही लागलं.

बावड्याची_मावशी
पोराला त्याच्या आईनंच सांगायचं: मधे पडायचं नाही, आईला वाचवणं हे तुझं काम नाही. तुझं काम म्हणजे पळत आज्जीकडं जायचं. जाताना काय घालायचं, दाराची कडी कशी काढायची हे खेळासारखं करून दाखवायचं. तुमच्याकडं आलं की प्रश्न विचारायचे नाहीत, पोटाला काहीतरी द्यायचं, झोपवायचं. "बाबा वाईट आहे" असं त्याच्यासमोर कुणी म्हणायचं नाही, त्याचा त्या बापावरही जीव आहे. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर त्याला पाठ करून द्या. वर्गशिक्षिका विश्वासातली असेल तर वहिनींना विचारून तिच्या कानावर घाला.

सांजकट्टा
बायको सोमवारी कसबा बावड्याला कोर्टात जाऊन विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करणार आहे, वहिनींच्या संमतीनं. वकीलताई, बरोबर काय काय न्यावं? लग्नाचा दाखला काढलेलाच नाही त्यांनी.

अ‍ॅड_बिंदू_चौक
दाखला नसला तरी अडत नाही. लग्नपत्रिका, लग्नातले फोटो, रेशन कार्डावरचं नाव, पोराच्या जन्मदाखल्यावरची आई-वडिलांची नावं चालतात. दवाखान्याचा कागद आणि दुखापतीचे फोटो तारखेसह, पण ते तुमच्या मिसेसच्या फोनमध्ये ठेवा. दागिन्यांच्या पावत्या असतील तर त्याही, स्त्रीधन परत मागता येतं. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुणी परत पाठवलं तर १९८७च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ सांगायचं. सोमवारी फक्त चौकशीच करायची आहे, सही कशावरच करायची गरज नाही, हे वहिनींना आधी सांगा. अर्ज कधी द्यायचा आणि द्यायचा की नाही, ते त्याच ठरवतील.